दोरांचा मजला

शेवटचा दोर ताणून खुंटीला बांधला आणि बांबूवाले आपली शिडी तेवढी मागे ठेवून निघून गेले. मग अंगणात उभ्या असलेल्या सगळ्यांनी एकदमच माना वर केल्या.

तळ्याच्या काठावर, वडिलांनी बांधलेल्या दोन खोल्यांच्या उतरत्या छपरावर, एक अख्खा मजला उभा होता. त्याला भिंती नव्हत्या, छत नव्हतं, आणि जमीन म्हणाल तर एका कोपऱ्यात बांबूंवर आवळून बांधलेल्या काही फळ्या. बाकी सगळा कारभार दोरांचा. दोरांना अडकवलेल्या लाल-पिवळ्या चिंध्या वाऱ्यावर फडफडत होत्या आणि त्यांच्यामधून आभाळ आरपार दिसत होतं.

"एवढा मोठा?" भाऊ म्हणाला.

"कागदावर होता तेवढाच आहे, बाबा," छकुली म्हणाली. भाऊची ही लेक नुकतीच वास्तुविशारद होऊन बाहेर पडली होती आणि तिच्या हातचं हे पहिलं घर. सकाळपासून ती बांबूवाल्यांच्या मागे मागे मोजपट्टी घेऊन धावत होती. चेहरा उन्हानं लाल झाला होता, पण डोळे दोरांवरून हलत नव्हते.

सोसायटीचा नियमच होता तसा. तळ्याकाठच्या प्लॉटवर कुणालाही मजला चढवायचा असेल, तर आधी बांबू रोवायचे, दोर लावायचे आणि उद्या किती आभाळ अडणार आहे ते शेजारपाजाऱ्यांना त्यांच्या डोळ्यांनी बघू द्यायचं. कमिटी येऊन पाहणी करणार, कुणाची हरकत असेल ती ऐकणार, मग शिक्का. आज संध्याकाळी कमिटी येणार होती.

अक्का कमरेवर हात ठेवून उभी होती. भावंडांत थोरली, लग्न न केलेली. उभी हयात तिनं ऑपरेशन थिएटरात मुख्य नर्स म्हणून काढली होती. उघड्या छातीत धडधडणारं काळीज तिनं इतक्या वेळा जवळून पाहिलं होतं की, आता कशानं डोळे विस्फारावेत असं जगात काही उरलेलं नाही, असं ती स्वतःच सांगायची. तिनं मजल्याकडे असं पाहिलं, जसं सुरी ठेवायच्या ट्रेकडे पाहायची. सगळं जागच्या जागी आहे ना, एवढंच.

"ठीक आहे," ती म्हणाली. "वहिनी, तू कुठे चाललीस?"

"आत. चहाचं बघते."

"आई, तू आत्ता जिन्यातून आरपार गेलीस," छकुली ओरडली. जमिनीवर तिनं चुन्यानं जिना आखला होता.

वहिनी थबकली, पायाशी पाहिलं आणि निमूटपणे दोन पावलं मागे येऊन जिन्याला वळसा घालून गेली. भाऊला हसू आवरेना. "बघ, घर झालं नाही तोवर तुला वळणही लागलं."

"मला वळण आहेच. नसतं तर वर्षभर एवढं निभावलं नसतं," वहिनी आतून म्हणाली. टोमणा कुणाला होता ते सगळ्यांना कळलं. जिला होता ती धाकटी पायरीवर बसून पाण्यात खडे टाकत होती.

धाकटी संसार मोडून दोन बॅगा घेऊन परत आली, त्याला वर्ष होऊन गेलं होतं. तेव्हापासून ती भाऊच्या फ्लॅटमध्ये, हॉलमधल्या सोफ्यावर झोपायची. नोकरी बेकरीत. पहाटे भट्टी लावायची म्हणजे दिवेलागणीलाच अंथरुणाला पाठ टेकायला हवी, आणि भाऊच्या हॉलमध्ये नेमका तेव्हाच टीव्ही जागा व्हायचा. धाकटी डोक्यावर उशी घेऊन पडायची. वहिनी टीव्हीचा आवाज कमी करायची आणि भांड्यांचा वाढवायची. भाऊ दोघींच्या मध्ये बसून चष्मा पुसायचा. चष्म्यांचं दुकान होतं त्याचं, त्यामुळे पुसायला चष्मे भरपूर.

यावर तोड अक्कानं काढली. तळ्याकाठच्या घरात सगळ्यांनी मिळून राहायचं. खाली भाऊचं बिऱ्हाड आणि अक्का, आणि धाकटीला तिची खोली. अक्कानं ठरवलं म्हणजे ठरलं. आधी ती खोली बाजूला काढायची होती, खालीच. पण तसं करायचं तर कुंपणाच्या जवळ जावं लागत होतं, आणि त्याला शेजाऱ्याची लेखी संमती हवी होती. शेजारी म्हणजे शिट्टीसर. शाळेत कवायत शिकवून निवृत्त झालेले, मुलांनी तेव्हा ठेवलेलं नाव त्यांना जन्माचं चिकटलेलं. त्यांनी सरळ नाही म्हणून सांगितलं. मग अक्का म्हणाली, आडवं नाही तर उभं. आणि आता या उभ्यालाही एकट्या शिट्टीसरांचीच हरकत होती. शिवाय पाहणी संध्याकाळीच व्हावी असा हट्टही त्यांचाच.

"अंधारात सगळं मोठं दिसतं, म्हणून," अक्का म्हणाली. "मला कळत नाही का!"

"बरोबर बोललात," वहिनी चहा घेऊन बाहेर आली. एरवी अक्का पूर्व म्हणाली की वहिनी पश्चिम. पण या मजल्यापायी दोघींची अशी गट्टी जमली होती की भाऊला तिचीच जास्त धास्ती वाटायला लागली होती. "हॉलमध्ये मला अडचण होते म्हणून नाही हं म्हणत मी. तिचीच आबाळ होते. हक्काची खोली हवी बाईमाणसाला."

"मला कुणी विचारलं होतं का, खोली हवी की नको ते?" धाकटी पायरीवरूनच म्हणाली.

"आता हे काय नवीन!"

"नवीन नाही. कुणी विचारलंच नव्हतं, म्हणून आज सांगतेय."

छकुलीनं मोजपट्टी उगाच उघडली आणि मिटली.

"नको असेल तर नको," अक्का म्हणाली. "पण बघून तरी नाही म्हण. शिडी आहे तिथे."

धाकटी उठली. कपड्यांची धूळ झटकली आणि एखाद्याची जिरवायची म्हणून माणूस जसा उठतो, तशी शिडीकडे गेली. ती चढून फळ्यांवर पोचेपर्यंत सगळे चहाचे पेले हातात धरून वर बघत राहिले. ती वर उभी राहिली. पाण्याकडे तोंड केलं. मग काहीच नाही.

"दिसतंय का काही?" भाऊनं विचारलं.

धाकटीनं बांबूला धरून मान आणखी पुढे काढली.

"अगं ए, बोल की!"

"अक्का," धाकटीचा आवाज आला. तो एवढा हळू होता की वाऱ्यातून जेमतेम खाली पोचला. "तू वर ये."

"गुडघे आहेत का तिचे चढण्यासारखे?" भाऊ म्हणाला.

"गुडघे माझे आहेत ना? तू शिडी धर."

एकेका पायरीवर दम खात, भाऊला तीनतीनदा "हलवू नकोस" म्हणत अक्का वर पोचली. बांबू कचकन वाकला. धाकटीनं तिचा दंड धरून तिला फळीवर बसवलं. अक्कानं घाम पुसला, मान वर केली, आणि पुढे बोलायचं होतं ते विसरून गेली.

तळं तिनं लहानपणापासून पाहिलं होतं. सुट्टीच्या दिवशी सगळ्यांनी डबे घेऊन यायचं, दुपार काठावर काढायची आणि उजेड असतानाच परतायचं, आधी शेवटची एसटी चुकू नये म्हणून आणि पुढे जगाला चष्मे देणाऱ्या भाऊला अंधारात गाडी चालवायची भीती वाटायची म्हणून. तिच्या लेखी तळं म्हणजे मधलं पाणी आणि समोरचा झाडीचा काठ. तेवढंच. आता तिला दिसलं की समोरचा काठ हा काठ नव्हताच. ते बेट होतं. त्या झाडीच्या मागे पाणी पुन्हा सुरू होत होतं आणि पसरत, रुंदावत, वळसे घेत टेकड्यांच्या पायथ्यापर्यंत जात होतं. उतरत्या उन्हात त्याला तांब्याची झाक आली होती. इतकी वर्षं ज्याला त्यांनी सगळं समजलं, ती नुसती त्याची ओसरी होती.

"अगं," अक्का म्हणाली. आणि पुन्हा, "अगं बाई."

"बाबांना माहीत असेल का हे?" धाकटीनं विचारलं.

"ते कशाला वर चढतायत! छप्पर टाकलं आणि उतरले."

चिंध्या कानाशी फडफडत होत्या. मग धाकटी पुढे बघतच म्हणाली, "इथे मला झोप लागेल, अक्का."

अक्कानं तिच्या पाठीवर हात ठेवला. परत आल्यापासून या पोरीनं तिच्याकडे काही म्हणजे काही मागितलं नव्हतं. आता कमिटी येवो, शिट्टीसर येवोत, नाहीतर खुद्द तळं उठून येवो. ही खोली होणार म्हणजे होणार.

कमिटी आली ती अध्यक्षबाईंच्या मागे. बाई दातांच्या डॉक्टर. समोरच्याला तोंड उघडं ठेवायला लावून स्वतः बोलत राहायची सवय त्यांना दवाखान्यात लागली होती आणि मीटिंगमध्ये ती उपयोगी पडायची. बरोबर दोन सभासद होते. चिटणिसांना बरं नसल्यामुळे ते आले नव्हते. आणि सगळ्यात शेवटी, हातात घडीची खुर्ची घेऊन, शिट्टीसर. ते कुणाशी काही बोलले नाहीत. अंगणाच्या टोकाला, पाण्याकडे तोंड आणि घराकडे पाठ करून त्यांनी खुर्ची मांडली आणि तीत बसले.

"बघितलंत?" अक्का वरून पुटपुटली. "पाहणीला आलेत आणि पाठ करून बसलेत."

अध्यक्षबाईंनी फाईल उघडली, दोरांना चारी बाजूंनी प्रदक्षिणा घातली, छकुलीला दोन-तीन प्रश्न विचारले आणि उत्तरं पूर्ण होण्याआधीच मान डोलावली. "छान झालंय. उंची नियमात आहे. मी स्पष्टच सांगते, सभासदांचा कल तुमच्या बाजूनं आहे. हरकत एकच, सरांची. ती ऐकायची आणि आज विषय संपवायचा."

वहिनीचा जीव भांड्यात पडला. तिनं लगेच आणखी चहा ओतला.

"सर, बोला," अध्यक्षबाई म्हणाल्या.

"थांबा थोडं," शिट्टीसर मागे न बघता म्हणाले.

"थोडं म्हणजे किती?"

"ते काय घड्याळ लावून येतात?"

"ते कोण? आमच्याकडून कुणी यायचं राहिलेलं नाही हं!" अक्का वरून ओरडली. एक सभासद हसला. शिट्टीसर हसले नाहीत.

ऊन बेटाच्या झाडीमागे गेलं. पाणी निवत चाललं. अध्यक्षबाईंनी पेनाचं टोपण काढलं आणि फाईल भाऊच्या पाठीवर टेकवायला म्हणून त्याला जवळ बोलावलं. तेवढ्यात धाकटी म्हणाली, "अक्का, तिकडे काही पेटलंय का?"

बेटामागून धूर वर येत होता. करडा, दाट. पण धूर वाऱ्याबरोबर जातो. हा वाऱ्याच्या उलटा आला. हा वळला. आभाळभर पसरला, विरळ झाला, वाटलं संपला, आणि अचानक एका जागी गोळा होऊन काळाभोर झाला. मग मधोमध पिळला गेला, जसा ओला कपडा पिळावा तसा, आणि त्या पिळातून दुसराच आकार बाहेर पडला. अक्काला श्वास घ्यायची आठवण राहिली नाही. तो धूर नव्हता. ती पाखरं होती.

"भोरड्या," खालून शिट्टीसरांचा आवाज आला. ते उठून उभे राहिले होते. "तुमच्या घरामागच्या दलदलीत पाणकणसं आहेत ना, त्यांत रात्री उतरतात. थंडी सरेपर्यंत रोज."

किती होत्या? मोजायचा विचारही वेडगळ वाटावा इतक्या. सगळा थवा बेटावरून खाली कलला, पाण्याला जवळजवळ पोट लावून तळं ओलांडू लागला, आणि त्याचं प्रतिबिंब त्याच्याखालून धावू लागलं, त्यामुळे एकाच वेळी दोन थवे येत असल्यासारखे दिसले. तो थेट इकडेच येत होता. प्लॉटच्या दोन्ही अंगांना उंच, जुनी झाडं. मध्ये घराच्या बुटक्या छपरावर तेवढी फट. अक्कानं पाहिलं आणि तिला उमगलं की ती आणि धाकटी त्यांच्या वाटेच्या मधोमध बसल्या आहेत.

थवा काठाशी आला आणि फुटला. दोर दिसले, चिंध्या दिसल्या, आणि हजारो पंखांनी एकदम पवित्रा बदलला. त्याचा असा आवाज झाला, जसं कुणी आभाळाएवढं रेशीम फाडलं. काही डावीकडच्या झाडांवर आदळता आदळता वाचल्या, काही सरळ उभ्या चढल्या. वर चढल्या तिथे झाडाच्या शेंड्यावरून एक सावली सुटली, दगडासारखी पडली, आणि थव्यातून काहीतरी उचलून घेऊन गेली.

"ससाणा," शिट्टीसर म्हणाले. "तो वर टपून असतो. म्हणून ह्या खालून येतात, फटीतून. वाट बंद झाली की त्याची चंगळ."

थवा मागे फिरून पाण्यावर गेला, गोल फिरला, पुन्हा आला. पुन्हा फुटला. या खेपेला अक्कानं एकेक पाखरू पाहिलं. काळं डोकं, फिकट गुलाबी पाठ, उघडी चोच, आणि तिच्या तोंडासमोर येऊन वळताना तिला पाहणारा एक मण्यासारखा डोळा. उजेड कमी होत होता. तिसऱ्यांदा थवा आला तेव्हा त्याची घडी विस्कटली होती.

खाली अध्यक्षबाई उघड्या तोंडानं वर बघत होत्या आणि काही बोलत नव्हत्या.

"छकुली," अक्का म्हणाली, "हे दोर कुठून सुटतात?"

"खालच्या खुंट्यांवरून. पण अक्काआत्या, घर झालं की चिंध्या नसतील..."

"घर असेल ना?"

छकुलीनं मोजपट्टी खाली ठेवली.

"अहो, शिक्का तर मारू द्या आधी!" वहिनी कळवळून म्हणाली. "हातातोंडाशी आलंय!"

अक्कानं धाकटीकडे वळून पाहिलं. खोली हिची होती. मघाशीच हिच्या तोंडून वर्षभरात पहिल्यांदा काहीतरी मागणं निघालं होतं. आयुष्यात कुणाला फारसं न विचारलेली अक्का विचारायला शब्द शोधू लागली. "धाकटे... सोडू का?"

धाकटी तिच्याकडे बघतच नव्हती. ती गुडघ्यांवर बसून कोपऱ्याच्या बांबूवरची गाठ दातांनी ओढत होती. "विचारतेस काय? ही सुटत नाहीये. हात लाव."

मग अक्का थिएटरातल्या आवाजात बोलू लागली. मोठा नाही, पण ऐकणाऱ्याचे हात आपोआप चालावेत असा. "भाऊ, उजवी खुंटी. छकुली, मागची. सर, तुम्ही तुमच्या बाजूची. बाई, फाईल ठेवा खाली, तो पिवळा दोर धरा आणि मी सांगेन तेव्हा सोडा. एकदम नको, आमच्या डोक्यावर येईल. हं, आता." दोर सैल पडले. कौलावरची कड खाली आली, मग खिडकीची, मग सगळ्यात वरचा आढ्याचा दोर झोळीसारखा लोंबला. सगळा मजला चिंध्यांसकट छपरावर आणि अंगणात ढेपाळला. राहिला एकच दोर, पुढचा, पाण्याच्या बाजूचा. तो वहिनीच्या हातात होता.

"वहिनी, सोड!"

वहिनीनं सोडला नाही. हट्टानं नव्हे. ती वर बघत होती. दोर मुठीत आवळलेला, मान मागे टाकलेली, आणि चेहऱ्यावर असं काहीतरी की भाऊनं लग्नानंतर ते पहिल्यांदाच पाहिलं असावं. त्यानं हलकेच जाऊन तिची मूठ उघडली. दोर गेला.

दोघी बहिणी फळीवर पालथ्या पडल्या आणि थवा आला.

याआधी त्यांनी तो पाहिला होता. आता तो त्यांच्यावरून गेला. आधी नुसता वारा, गार, पाण्याचा वास असलेला. मग पंख. सुटे पंख नाहीत, पंखांची नदी. पाठीवरून, केसांवरून, कानांना हवा लावत, न थांबता, न संपता. अक्कानं डोळे मिटले होते, पण ते आपोआप उघडले. तिनं मान वळवली तर वर आभाळ नव्हतंच. वाहणारं, धडधडणारं, जिवंत असं एक छत होतं. कित्येकदा तिनं माणसाच्या छातीत एक काळीज पाहिलं होतं. इथे हजारो होती, सगळी एका ठेक्यात, आणि ती तिच्या पाठीपासून हातभर उंचीवरून चालली होती. ती रडत होती का? तिला कळलं नाही. धाकटी हसत होती, एवढं मात्र ऐकू आलं. लहानपणी झोपाळा उंच गेला की हसायची तसं, श्वास अडकत अडकत.

मग ती नदी आटली. शेवटची काही चुकार पाखरं घाईघाईनं गेली. मागच्या पाणकणसांमधून असा गलका उठला की जत्थ्यानं आलेली माणसं जागेवरून भांडतायत असं वाटावं, आणि तो एकाएकी, बटण दाबल्यासारखा, थांबला.

अध्यक्षबाईंच्या फाईलवर आणि खांद्यावर पांढरे शिंतोडे पडले होते. त्यांनी ते पुसले नाहीत.

"इतकी वर्षं या कॉलनीत राहते मी," त्या शेवटी म्हणाल्या.

अक्का शिडी उतरली. ती थेट शिट्टीसरांसमोर जाऊन उभी राहिली. "आधी का नाही सांगितलंत?"

"काय सांगणार होतो? पाखरं येतात? हसला असता तुम्ही."

अक्कानं विचार केला. "हसले असते," ती म्हणाली.

सरांनी खुर्ची मिटली. दोन पावलं गेले, थांबले, आणि कुंपणाच्या झाडांकडे बघत राहिले. "ती बाजूची खोली. कुंपणाच्या किती जवळ यायचं होतं तुम्हाला?"

"अगदी लागून. पण तुम्ही तर नाही म्हणाला होतात."

"तुम्ही विचारलं कुठे होतंत? कळवलं होतंत."

भाऊनं चष्मा काढून पुसायला घेतला. अक्काचा चेहरा उतरला, मग लाल झाला, आणि मग तिनं, सगळ्यांसमोर, कमिटीसमोर, सरळ उभं राहून म्हटलं, "सर, माझ्या बहिणीला खोली हवी आहे. तुमच्या कुंपणाला लागून काढू का?"

"खिडकीपुरता उजेड सोडा माझ्या," सर म्हणाले. "आणि झाडं मी छाटून घेतो."

"अर्ज नव्यानं करावा लागेल," अध्यक्षबाई भानावर येत म्हणाल्या. "पुढच्या मीटिंगला घेऊ. पण मी सांगून ठेवते, हा वरचा मजला मंजूरच होता. अजूनही हवा असेल तर..."

भाऊ खाली पडलेला दोर गुंडाळायला लागला, तेव्हा त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

कमिटी गेल्यावर अक्कानं छकुलीला शोधलं. ती घरामागे एकटीच उभी होती. पोरगी रडत असेल असं अक्काला वाटलं. पहिलं घर, आणि ते असं ढेपाळलेलं. पण छकुली छपराकडे बघत एक डोळा मिटून हात पुढे धरून काहीतरी मापत होती.

"बाजूच्या खोलीचं छप्पर आणखी खाली घेता येईल, आत्या," ती म्हणाली. "म्हणजे त्यांना जास्तच मोकळं होईल. आणि छपरात काच टाकली तर धाकट्या आत्याला पडल्यापडल्या दिसतील. परत जाताना पहाटे दिसतात का, विचारायला हवं सरांना."

परतीच्या वाटेवर काळोख झाला होता. भाऊ स्टिअरिंग घट्ट धरून चालवत होता आणि वहिनी त्याला शेजारून वाट सांगत होती. मागे धाकटी अक्काच्या खांद्यावर डोकं टाकून केव्हाच झोपली होती.

"नवीन अर्ज म्हणजे आणखी काही महिने गेले," वहिनी म्हणाली.

"हो," भाऊ सावधपणे म्हणाला.

वहिनीनं काच वर सरकवली. "तोवर टीव्ही आपल्या खोलीत नेऊन ठेवा," ती म्हणाली. "नाहीतर असं करा, आमची छकुली हॉलमध्ये झोपेल आणि हिला आतली खोली देऊ. दार लागतं त्या खोलीचं." मग, कुणी काही म्हणायच्या आत, "उजवीकडे घ्या, उजवीकडे. काय बघताय माझ्या तोंडाकडे!"

मीटिंग सोसायटीच्या हॉलमध्ये होती. त्या संध्याकाळी जे आले नव्हते असेच सभासद जास्त होते. चिटणीस आता बरे होऊन आले होते आणि पुढे टेबलाशी बसून सगळं लिहून घेत होते. अक्काच्या नव्या अर्जाचा विषय निघाला तेव्हा कुणीतरी मागून विचारलं, "तुमचा वरचा मजला तर मंजूर होत होता म्हणे. मग मागे का घेतलात? काही भानगड आहे का त्यात?"

"सांगते," अक्का म्हणाली आणि उभी राहिली.

मोठमोठ्या सर्जनना चार वाक्यांत पेशंटची अवस्था सांगणारी बाई. तिनं सुरुवात केली. "संध्याकाळ होती. आम्ही दोघी वर होतो. आणि तळ्याकडून..." शब्द तिथेच थांबले. तिनं पुन्हा प्रयत्न केला. "म्हणजे असं की, आधी ते धुरासारखं..." नाही. हे धुराचं नव्हतं. हॉल वाट बघत होता. अक्कानं, आपण काय करतोय ते न कळता, दोन्ही हात वर उचलले आणि डोक्यावरून सावकाश मागे नेले, पालथे, बोटं पसरलेली. मग ते तसेच वर राहिले. तिचं तोंड किंचित उघडं होतं आणि नजर हॉलच्या छताच्या आरपार कुठेतरी लागली होती.

भिंतीशी बसलेल्या शिट्टीसरांनी तिच्याकडे पाहिलं आणि आपला हात वर केला. मग अध्यक्षबाईंनी केला. त्या दिवशी आलेल्या दोन्ही सभासदांनी केला. बाकीच्यांना कळेना काय चाललंय, पण अशा वेळी कुणालाही हात खाली ठेवून बसवत नाही. एकेक करून सगळा हॉल हात वर करून शांत बसला.

चिटणिसांनी वहीतून मान वर केली, चष्म्यावरून सगळीकडे नजर फिरवली, आणि अक्काचे दोन्ही धरून हात मोजायला घेतले.

"सर्वानुमते," त्यांनी लिहिलं.